झडप झिजते की विरते?

पायाच्या फुगलेल्या शिरांवर रुग्णांसाठी एक मराठी माहितीपत्रक तयार होतंय. त्यातल्या ‘शिरांमधल्या झडपा झिजतात’ या वाक्याबद्दल विचारणा आली आहे: ‘झडप’ म्हणावं की ‘पडदा’, आणि ‘झिजतात’ बरोबर आहे का?

‘झडप’ बिनधास्त ठेवा. पडदा कानाच्या पडद्यासारखा ताणून बसलेला असतो. झडप एकीकडून उघडते आणि उलट दाब आला की मिटते. शिरेत समोरासमोर दोन पातळ पाकळ्या असतात, त्या हेच काम करतात. इटलीतल्या पादुआच्या फाब्रिशियस या शरीररचनातज्ज्ञाने १६०३ साली त्यांच्यावर लिहिलं तेव्हा त्यांना लॅटिनमध्ये ‘छोटी दारं’ म्हटलं होतं. ‘व्हॉल्व्ह’ या शब्दाचं मूळही दाराच्या फळीतच आहे. फाब्रिशियसला वाटलं, ही दारं रक्ताचा वेग कमी करतात. ती रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, हे पादुआलाच शिकून गेलेल्या विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने १६२८ मध्ये दाखवलं. हार्वीची युक्ती आपल्याच हातावर करून बघता येते. दंडावर रुमाल बांधला की शिरा वर येतात आणि त्यांवर जागोजागी गाठी दिसतात. त्यातल्या एका शिरेवर खाली एक बोट दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने रक्त वर, पुढच्या गाठीपलीकडे सारायचं. वरचं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो. ती गाठ म्हणजे मिटलेली झडप.

आता ‘झिजणे’. माझा आक्षेप इथे आहे. झिजायला घासावं लागतं. सहाणेवर चंदन झिजतं, चप्पल टाचेशी झिजते, गुडघ्यातली कूर्चा झिजते. शिरेतल्या झडपेला घासणारं काही नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते निराळंच. रक्त तुंबून दाब वाढला की पाकळीवरचं पेशींचं नितळ अस्तर चिडतं. एरवी वाहून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात आणि आत शिरतात. तिथे दाह सुरू होतो, आणि त्यातून सुटणारी विकरं (एन्झाइम) पाकळीला बळकटी आणि लवचिकपणा देणारे कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे धागे तोडत जातात. मग पाकळी कुठे पातळ होते, कुठे तिला भोक पडतं, तर कुठे व्रण भरून ती जाड आणि आखूड होते.

पातळ होण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: विरणे. गोधडीसाठी आईचं जुनं लुगडं उजेडात धरलं की फाटलेलं नसतं, पण मधल्या पट्ट्यात आडवे धागे संपलेले असतात आणि पलीकडचा हात दिसतो. ते लुगडं विरलेलं. पाकळीचं हुबेहूब तसंच होतं, आतून धागे जातात. आखूड होण्याला ‘आक्रसणे’ म्हणा. ‘झडपा विरतात किंवा आक्रसतात, त्यामुळे त्या नीट मिटत नाहीत’ हे वाक्य कुणाही आजीला कळेल, आणि ते खरंही आहे.

एक फरक मात्र सांभाळायला हवा. कधी पाकळ्या बऱ्यापैकी धड असतात, पण शीरच रुंद होते. चौकट फाकली की चांगल्या फळ्याही एकमेकींना टेकत नाहीत. तिथे ‘झडप अपुरी पडते’ म्हणावं. ‘झडपांची अकार्यक्षमता’ नको, ते कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातलं वाटतं.

शिरेला पुस्तकी ‘नीला’ म्हणावं की ‘शीर’? पत्रकात ‘शीर’च लिहा, पण पहिल्यांदा ‘रक्ताची शीर’ असं म्हणा. कारण बोलण्यात आपण मज्जातंतूलाही शीर म्हणतो (‘मानेतली शीर दबली’) आणि टाचेवरच्या स्नायुबंधालाही, ती धोंडशीर. ‘क्रॉनिक’साठी ‘जुनाट’ पुरे. ‘चिरकालिक’ वाचून रुग्ण बाई पत्रक खाली ठेवतील, आणि पाय सुजलेले असताना त्यांनी ते शेवटपर्यंत वाचायला हवं आहे.