जुन्या बेस गिटारी आणि लिलावातील चढे भाव

प्रश्न : गेली काही वर्षे मी ऑनलाइन लिलावांतील जुन्या बेस गिटारींवर लक्ष ठेवून आहे. १९६० च्या दशकातील फेंडर कंपनीच्या ‘जॅझ बेस’ या गिटारीची बोली दरवर्षी वर सरकताना दिसते. पण त्याच वर्षाची, तशाच बनावटीची दुसरी गिटार जवळजवळ निम्म्या भावात जाते. मग भाव खरोखर वाढले आहेत असे म्हणावे काय?

उत्तर : वाढले आहेत, परंतु सरसकट नव्हे. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील कारखान्यातून प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणि जॅझ बेस १९६० मध्ये बाहेर पडली. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहक ‘प्री-सीबीएस’ म्हणतात आणि मोठी मागणी त्यांनाच असते. या वाद्यांची संख्या वाढणे शक्यच नाही; उलट ती घटते, कारण अखंड गिटार विकण्यापेक्षा पिकअप (तारांचा कंप विजेत पकडणारे भाग), ब्रिज (तारांची खालची बैठक) आणि ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) सुटे करून विकणे काही विक्रेत्यांना अधिक फायद्याचे वाटते. त्यामुळे आज चढा भाव मिळतो तो नुसत्या वयाला नाही, तर काहीही बदललेले नसल्याच्या पुराव्याला. आपण पाहिलेली दुसरी गिटार बहुधा पुन्हा रंगवलेली असावी. बाकी सर्व भाग मूळचे असले तरी मूळ रंग गेला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा या व्यवहारातला जुना ठोकताळा आहे.

लिलावातील आकडा वाचण्याचीही एक रीत आहे. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा भाव नव्हे. वर्षभर न विकता पडून राहिलेली गिटारही रोज तीच किंमत मागत असते. झालेल्या विक्रीचा आकडासुद्धा अनेकदा दोनच हट्टी माणसांनी ठरवलेला असतो, कारण स्वयंचलित बोलीच्या पद्धतीत जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरीच वर जावे लागते. ती दुसरी व्यक्ती पुढच्या लिलावात नसली, तर तसेच वाद्य बरेच खाली थांबते. शिवाय लिलावगृहे शेवटच्या बोलीवर खरेदीदाराकडून वेगळे कमिशन घेतात आणि जाहीर होणाऱ्या रकमेत ते बहुतेक वेळा धरलेले असते. विक्रेत्याच्या हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. रोलिंग स्टोन्स बँडचे बेसवादक बिल वायमन यांची १९६९ ची फेंडर मस्टँग बेस २०२० मध्ये ३,८४,००० डॉलरला गेली, ही बातमी आपण वाचली असेलच. मस्टँग हे मुळात शिकाऊ वादकांसाठी काढलेले, आखूड मापाचे वाद्य. ती किंमत वायमन यांच्या हाताची होती, मस्टँगची नव्हे, त्यामुळे भाव ताडताना तो आकडा बाजूलाच ठेवलेला बरा.

प्रश्न : लिलावात १९६४ ची म्हणून मांडलेल्या एका प्रिसिजन बेसची छायाचित्रे विक्रेत्याने मागितल्यावर पाठवली. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या लांब मानेच्या, टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) ‘५ फेब ६४ सी’ असा इंग्रजी शिक्का आहे आणि आतल्या पॉटवर (आवाजाच्या बटणाखालील विद्युत भागावर) १३७-६६१० असा क्रमांक आहे. विक्रेता म्हणतो, नेक ५ फेब्रुवारीला तयार झाली आणि गिटार पूर्णपणे मूळ आहे. बोली लावावी का?

उत्तर : ‘पूर्णपणे मूळ’ या शब्दांवर विसंबून लावू नये. प्रथम शिक्का पाहू. सुरुवातीचा ५ हा दिनांक नाही. तो प्रिसिजन बेसचा सांकेतिक अंक आहे, जॅझ बेससाठी तो ७ असतो. महिना आणि वर्ष तेवढे खरे. शेवटचे ‘सी’ हे अक्षर नटजवळच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळच्या) रुंदीचे, म्हणजे पावणेदोन इंचांचे, आणि ते प्रिसिजनला शोभणारेच आहे. विक्रेत्याने दिवस चुकीचा वाचला, एवढ्यावरून त्याला लबाड ठरवू नये; ही चूक जाणकारांकडूनही होते.

खरी अडचण पॉटची आहे. पहिले तीन अंक उत्पादकाचे : १३७ म्हणजे सीटीएस, तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे दोन अंक वर्ष आणि शेवटचे दोन आठवडा दाखवतात. म्हणजे हा पॉट १९६६ च्या दहाव्या आठवड्यात तयार झाला. पॉट गिटारपेक्षा जुना असणे स्वाभाविक आहे, कारण कारखान्यात माल साठवलेला असे. १९६६ मध्ये घेतलेला पॉटचा मोठा साठा तर पुढे काही वर्षे वापरला गेला. पण पॉट गिटारपेक्षा नवा असू शकत नाही. तेव्हा एक तर दुरुस्तीत पॉट बदलले गेले आहेत, किंवा १९६४ ची नेक नंतरच्या बॉडीवर बसवलेली आहे. पहिल्या शक्यतेत किंमत थोडी उतरते, दुसरीत फार. निर्णयासाठी पॉटच्या पाठीवरील डाखाचे जवळून घेतलेले छायाचित्र मागवावे. मूळ डाख एकदाच वितळलेला, सलग दिसतो आणि त्याला कापडी आवरणाच्या तारा जोडलेल्या असतात. डाखावर डाख चढलेला किंवा प्लॅस्टिकच्या आवरणाची तार दिसली, तर तिथे कोणाचा तरी हात फिरला आहे. नेक-प्लेटवरील क्रमांकावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण ती प्लेट चार स्क्रू काढले की बदलता येते.

नेक कधीच काढलेली नाही, असे कोणी अभिमानाने सांगत असेल तर त्यावर भाळू नये. या गिटारींचा ट्रस रॉड (नेकचा बाक सरळ करणारी आतली सळई) टाचेकडून फिरवावा लागतो आणि त्यासाठी नेक काढणे भागच असते. त्याऐवजी तो रॉड अजून फिरतो का, हे विचारावे. साठ वर्षे जाड तारांचा ताण सोसून वाकलेली आणि रॉड आणखी फिरवता न येणारी नेक दिसायला कितीही देखणी असली, तरी वाजवायला निरुपयोगी ठरते.

प्रश्न : माझ्याकडे १९७० च्या दशकातील जॅझ बेस आहे. रंग कोपऱ्यांवर उडाला आहे. विकण्याआधी रंगवून घ्यावी का?

उत्तर : मुळीच नको. झिजलेला मूळ रंग हा दोष मानला जात नाही. नवा रंग मात्र मानला जातो. धूळ पुसावी, तारा बदलाव्यात, एवढेच. गिटारची पेटी आणि घराचा माळा नीट शोधावा हे उत्तम, कारण पिकअपवरचे आणि ब्रिजवरचे क्रोमचे झाकण हाताला अडते म्हणून वादक पहिल्याच आठवड्यात काढून ठेवत, आणि आता त्या झाकणांनाही स्वतंत्र गिऱ्हाईक आहे.

प्रश्न : परदेशातील लिलावात बोली लावताना लाकडाबद्दल काळजी घ्यावी लागते असे ऐकले. ती कोणती?

उत्तर : फिंगरबोर्ड (नेकवरील बोटे टेकवायची पट्टी) ब्राझीलमधील शिसवाचा असेल तरच. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक फेंडरवर तो असतो. हे लाकूड १९९२ पासून साइट्स या, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या, परिशिष्टात आहे, त्यामुळे ते वाद्य सीमेपलीकडे पाठवण्यासाठी करारापूर्वीचे असल्याचे प्रमाणपत्र लागते. इतर जातींच्या शिसवावर २०१७ मध्ये निर्बंध आले होते, पण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यांतून सूट मिळाली. प्रमाणपत्र कोण काढणार, हे बोली लावण्याआधी लेखी विचारून घ्यावे. मेपलच्या फिंगरबोर्डला यातले काहीच लागू नाही.