जेलीफिनच्या पुढच्या व्हर्जनमध्ये डेव्हलपर म्हणून तुम्हाला काय हवं आहे? प्लेक्स सोडून आताच यावं की थांबावं?

नवख्यांसाठी: जेलीफिन आणि प्लेक्स ही आपल्या संगणकावरचे सिनेमे घरातल्या टीव्ही-फोनवर दाखवणारी सर्व्हर सॉफ्टवेअर. प्लेक्स एका कंपनीचं, जेलीफिन स्वयंसेवकांनी बनवलेलं, खुल्या कोडचं. प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर, पुढच्या व्हर्जनमध्ये सर्व्हरने आतापेक्षा कमी काम करावं. नव्या फीचर्सची मला फारशी हौस नाही. दुसऱ्याकडे शेवटी येते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. जेलीफिनच्या कोअर टीमशी माझा काही संबंध नाही. पोटापाण्यासाठी दिवसभर सी शार्प लिहिते आणि जेलीफिनचा सर्व्हरही त्याच भाषेत आहे, म्हणून त्याचा कोड चाळायची सवय लागली. मराठी नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडींसाठी माहिती भरणारं एक छोटं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा प्रोग्राम) घरापुरतं लिहिलंय. त्यामुळे माझ्या अपेक्षा दोन-तीन हजार फोर-के सिनेमे साठवणाऱ्या माणसाच्या नाहीत. आईवडिलांच्या कपाटातल्या जुन्या चकत्या टीव्हीवर नीट दिसाव्यात, एवढंच माझं मागणं.

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एम्बी या अशाच मीडिया सर्व्हरने २०१८ च्या डिसेंबरात आपला सोर्स कोड बंद केला. तेव्हा त्याच्या ३.५.२ या आवृत्तीच्या कोडवरून फुटून जेलीफिन निघालं. एम्बीचंही आधीचं नाव मीडिया ब्राउझर. आज जेलीफिनचा कोड उघडलात तर 'मीडियाब्राउझर.कंट्रोलर', 'एम्बी.सर्व्हर.इम्प्लिमेंटेशन्स' अशीच फोल्डरं दिसतील, आणि ॲप सर्व्हरला ओळख पटवणारं टोकन पाठवतं तेव्हा त्याच्या मथळ्यात, म्हणजे हेडरमध्ये, अजूनही 'मीडियाब्राउझर' लिहावं लागतं. घराचे मालक दोनदा बदलले तरी दारावर पाटी पहिल्याचीच.

पाटीने कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते जुन्या एपीआयमुळे, म्हणजे ॲप्स सर्व्हरशी ज्या ठरलेल्या वेब-पत्त्यांवरून बोलतात त्यांच्यामुळे. व्हिडिओ आणि पोस्टर देणारे काही पत्ते असे आहेत की त्या फाइलचा आयडी माहीत असला तर लॉगिन न करताही ते उत्तर देतात. ही काही मी शोधलेली गुपित गोष्ट नव्हे, प्रोजेक्टचा कोड जिथे ठेवलाय त्या गिटहबवर त्यावरची चर्चा वर्षानुवर्षं उघडी आहे. आयडी लांबलचक असल्यामुळे सहज अंदाज लागत नाही हे खरं. पण दुरुस्ती रखडायचं खरं कारण वेगळंच आहे. पत्ते बंद केले तर टीव्हींवरची जुनी ॲप्स बंद पडतील, आणि शिव्या खाणार स्वयंसेवक. माझं मत स्पष्ट आहे: पडू देत बंद. मोठ्या आवृत्त्या त्यासाठीच असतात. एकदा जाहीर करा, सहा महिने आधी सांगा, आणि दार लावा.

आता जेलीफिनच्या १०.११ या व्हर्जनबद्दल. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते आलं तेव्हा बऱ्याच जणांची तक्रार होती की यात नवं काय? वरून बघितलं तर फारसं नाही. आत मात्र मोठी उलथापालथ झाली. लायब्ररीची सगळी नोंद आधी हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमधून (डेटाबेसशी बोलायच्या भाषेतून) चालायची, आणि ते एसक्यूएल जोडणारी एकच फाइल हजारो ओळींची होती. तिच्यात हात घालायला कुणी धजायचं नाही. ते सगळं आता एन्टिटी फ्रेमवर्क कोअरवर नेलंय; डेटाबेसशी बोलायचं काम हे तयार साधन करतं. म्हणजे उद्या खाली एसक्यूलाइट या सध्याच्या छोट्या डेटाबेसऐवजी दुसरा डेटाबेस बसवायचा झाला तर वाट तरी आहे.

यावर लोक लगेच 'पोस्टग्रेस (मोठ्या कामाचा डेटाबेस) कधी?' म्हणून विचारतात. मला घरच्या सर्व्हरला पोस्टग्रेस हवंच असं वाटत नाही. एसक्यूलाइटला एका वेळी एकच लिहिणारा चालतो, ही त्याची मर्यादा. स्कॅन, म्हणजे सर्व्हरची फोल्डरं तपासून फाइली नोंदवणं, चालू असताना दोघंजण सिनेमा बघत असतील, त्यांची 'कुठपर्यंत पाहिलं' ही नोंद आणि स्कॅनच्या नोंदी एकाच दाराशी गर्दी करतात, मग सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) 'डेटाबेस इज लॉक्ड' दिसतं. पण यावरचा उपाय म्हणजे कमी वेळा लिहिणं. न बदललेल्या फाइलची ओळ पुन्हा लिहायची कशाला? शंभर नोंदी शंभर वेळा लिहिण्यापेक्षा एका झटक्यात लिहा. पुढच्या व्हर्जनने एवढं केलं तरी निम्मे लोक पोस्टग्रेसचं नाव विसरतील.

माझा सगळ्यात मोठा हट्ट ट्रान्सकोडिंगचा, म्हणजे बघता बघता व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलून पाठवण्याच्या कामाबद्दलचा. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण प्लेक्सवरून येणाऱ्याला हेच आधी टोचणार.

तुम्ही 'प्ले' दाबता तेव्हा ॲप सर्व्हरला स्वतःची यादी पाठवतं: मला अमुक कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायच्या पद्धती) चालतात, अमुक कंटेनर (ते ठेवायचे फाइलचे डबे) चालतात, एवढा बिटरेट (सेकंदाला किती डेटा) झेपतो. सर्व्हर ती यादी फाइलशी ताडतो. सगळं जुळलं तर फाइल जशीच्या तशी जाते आणि सीपीयूला पत्ताही लागत नाही. नुसता कंटेनर जुळला नाही तर डबा बदलून माल तोच पाठवतो, तेही हलकंच काम. कोडेक जुळला नाही तर मात्र एफएफएमपेग हा व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम उठतो आणि पूर्ण व्हिडिओ नव्याने एन्कोड करत बसतो.

आता माझी व्हीसीडी घ्या. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, एमपेग-१ मधलं, सेकंदाला साधारण ११५० किलोबिटचं, सोबत २२४ किलोबिटचा एमपी२ आवाज. आजच्या फोनसाठी ही फाइल म्हणजे किरकोळ. पण क्रोमला एमपेग-१ चा व्हिडिओ वाजवता येत नाही, म्हणून ब्राउझरमध्ये लावलं की दरवेळी ट्रान्सकोड. बाबा तेच नाटक दर रविवारी लावतात, आणि सर्व्हर दर रविवारी तेच तीन अंक पहिल्यापासून एन्कोड करतो. कालचं काम आज लक्षात ठेवायचं नाही असा त्याचा बाणा. डीव्हीडीचं दुखणं आणखी एक पायरी पुढे. तिथलं चित्र ५७६ ओळींचं, पण इंटरलेस्ड, म्हणजे एका वेळी एकाआड एक ओळी. ते नीट सोडवलं नाही तर कलाकाराने हात हलवला की हाताला कंगव्यासारखे दाते फुटतात.

प्लेक्समध्ये यासाठी 'ऑप्टिमाइज्ड व्हर्जन' आहे: एकदाच सोयीची प्रत करून ठेवा, नंतर तीच वाजवा. जेलीफिनमध्ये हे अंगचं नाही. एकाच सिनेमाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर तो त्या ओळखतो आणि एकाखाली दाखवतो, म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. हवं ते एवढंच की एखादी फाइल घरातल्या कुठल्याच ॲपवर थेट चालत नाही हे लक्षात आलं की सर्व्हरने रात्री, कुणी बघत नसताना, जवळपास सगळीकडे चालणाऱ्या एच.२६४ कोडेकची प्रत करून ठेवावी. मी सध्या हे काम एका स्क्रिप्टने करते. पण प्रत्येकाने स्क्रिप्ट का लिहावी?

सबटायटलचं असंच. साधी मजकुराची फाइल असेल तर ॲप स्वतः अक्षरं काढतं, सर्व्हर नामानिराळा. ब्लू-रेवरची पीजीएस सबटायटलं म्हणजे चित्रं. ती ज्या ॲपला काढता येत नाहीत त्याच्यासाठी सर्व्हर ती व्हिडिओवर छापतो, आणि छापायचं म्हटलं की पुन्हा पूर्ण ट्रान्सकोड. वेब क्लायंटने (ब्राउझरमधल्या जेलीफिनने) ही चित्रं स्वतः काढायची सोय केली, हे फार चांगलं झालं. टीव्हीवरच्या सगळ्या ॲप्सनी तीच वाट धरावी. मराठी सबटायटल सर्व्हरवर छापली जात असतील आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसत असतील, तर सर्व्हर ज्या डॉकर कंटेनरमध्ये (वर सांगितलेला फाइलचा डबा नव्हे, प्रोग्राम चालवायची वेगळी पेटी) चालतो त्याच्या आत देवनागरी फॉन्ट नाही असं समजा. तो आत बसवा, जोडाक्षरं आपोआप सुधारतील.

एका ठिकाणी मात्र सर्व्हरने आतापेक्षा जास्त डोकं चालवावं असं मला वाटतं, ते म्हणजे शोध. जेलीफिन प्रत्येक नावाची शोधासाठी एक 'स्वच्छ' प्रत ठेवतं आणि तुम्ही टाइप केलेला तुकडा त्यात आहे का ते बघतं. ही स्वच्छता भल्याभल्या सॉफ्टवेअरमध्ये कशी होते ते ऐका. लॅटिन अक्षरांवरचे ॲक्सेंट आड येऊ नयेत म्हणून अक्षर आणि त्यावरचं चिन्ह सुटं करायचं आणि 'नॉनस्पेसिंग मार्क' या वर्गातली सगळी चिन्हं गाळायची (हे वर्ग युनिकोडचे, म्हणजे जगातल्या लिप्यांची अक्षरं संगणकात मांडणाऱ्या पद्धतीचे). डॉटनेटमध्ये (सी शार्पचे प्रोग्राम ज्यावर चालतात त्यात) पाच-सहा ओळींत होतं, इंटरनेटवर शेकडो ठिकाणी तेच उत्तर सापडतं. फ्रेंचसाठी झकास. आपल्याकडे उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात येतात. काना आणि वेलांटी मात्र दुसऱ्या वर्गात, ती वाचतात. म्हणजे 'मुळा' आणि 'मेळा' दोन्हींचं 'मळा' होतं, आणि 'कुंकू'चं उरतं 'कक'.

पुढे कधी खरा मजकूर-शोध आणायचा म्हणून एसक्यूलाइटचं एफटीएस५ हे मजकूर शोधायचं साधन बसवलं तर तिथेही सापळा आहे. त्याचा ठरलेला टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षरं आणि आकडे एवढ्यालाच शब्दाचा भाग मानतो. आपली काना-मात्रा त्याच्या लेखी शब्द तोडणारी खूण. सेटिंगमध्ये चिन्हांचा वर्ग जोडला की प्रश्न सुटतो, पण ते जोडायला हवं हे आधी कुणाला तरी सुचायला हवं. म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे: जे काही बदलाल त्याच्या टेस्टमध्ये (कोड तपासायच्या चाचण्यांत) मराठी, हिंदी, बंगाली अशी चार-पाच नावं घाला. वीस ओळींचं काम आहे.

नाटकांच्या माहितीबद्दल मी काहीच मागत नाही. सिनेमांच्या ऑनलाइन यादीत नाटकं मिळणार नाहीत, आणि मिळालीच तर त्याच नावाच्या भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटेल. फाइलशेजारी एनएफओ (नाटकाची माहिती लिहिलेली छोटी फाइल) ठेवा आणि त्या लायब्ररीपुरती ऑनलाइन शोधाशोध बंद करा. आजही हे उत्तम चालतं.

प्लगइन लिहिणारी म्हणून एक रडगाणं. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला प्लगइन नव्याने बांधावं लागतं. १०.११ डॉटनेट ९ वर गेलं तेव्हाही तेच झालं. शिवाय प्लगइन सर्व्हरच्याच प्रोसेसमध्ये चालतं, त्यामुळे कुणाचं तरी अर्धवट प्लगइन कोसळलं की अख्खा सर्व्हर धोक्यात. ते वेगळ्या प्रोसेसमध्ये काढणं फार मोठं काम आहे, एका व्हर्जनमध्ये होईल अशी आशा मी धरत नाही. निदान सर्व्हरच्या कोडमधले प्लगइनने वापरायचे इंटरफेस (जोडणीच्या जागा) कुठले आणि फक्त आतल्या वापराचे कुठले, एवढी रेघ तरी आखावी.

आता तुमचा दुसरा प्रश्न. प्लेक्सने २०२५ च्या एप्रिलअखेर घराबाहेरून बघण्यावर पैसे लावले आणि लाइफटाइम पास ११९.९९ डॉलरवरून २४९.९९ डॉलरवर नेला, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार येतो. पुढच्या व्हर्जनसाठी थांबू नका. पण घराबाहेरून बघणं हेच मुख्य कारण असेल तर आधी एक तपासा. आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले ग्राहकाला स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाहीत, सीजीनॅटच्या मागे ठेवतात, म्हणजे अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून देतात, मग बाहेरून येण्यासाठी राउटरवर पोर्ट (दार) उघडून उपयोग होत नाही. प्लेक्सकडे अशा वेळी मधला रिले (कंपनीचा, व्हिडिओ पुढे पोचवणारा सर्व्हर) असतो, जेलीफिनकडे कंपनीच नाही तर रिले कुठून असणार? आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर त्याने भागतं. नाहीतर वायरगार्ड किंवा टेलस्केल (बाहेरून घरच्या नेटवर्कशी खाजगी जोडणी करून देणारी व्हीपीएन साधनं) लावा. वर लॉगिनच्या बाबतीत जे लिहिलं ते लक्षात घेता सर्व्हर उघडा इंटरनेटवर ठेवण्यापेक्षा मी तसंही हेच सुचवीन.

प्लेक्स लगेच काढूनही टाकू नका. त्याचा पोर्ट ३२४००, जेलीफिनचा ८०९६, एकाच मशिनवर दोन्ही सुखाने राहतात. मीडियाचं फोल्डर जेलीफिनला आधी फक्त वाचण्यापुरतं द्या, म्हणजे ते तुमच्या फाइलींशेजारी स्वतःचं काही लिहून ठेवणार नाही. महिनाभर घरातल्यांना दोन्ही वापरू द्या आणि डॅशबोर्डवर कोण काय बघताना ट्रान्सकोड होतंय ते बघत राहा. ट्रान्सकोड का होतंय याचं कारणही तिथेच लिहिलेलं असतं: ऑडिओ कोडेक जमत नाही, सबटायटल जमत नाही, बिटरेट जास्त आहे. तुमच्या बहुतेक फाइली थेट चालत असतील तर प्लेक्स त्याच दिवशी बंद करा.