खनिज संपत चाललंय त्याचा देशाला होणारा तोटा पैशात कसा मोजतात? जीडीपीत धरतात का?

जीडीपीत नाही धरत, तो वेगळा काढावा लागतो, आणि त्यातली सोपी पद्धत म्हणजे बाजारभावातून उपसायचा खर्च (मजुरी, डिझेल, मशिनरी, गुंतवलेल्या भांडवलावरचा नेहमीचा नफापण) वजा करायचा आणि राहिलेल्या रकमेला त्या वर्षी काढलेल्या टनांनी गुणायचं, याला रेंट म्हणतात. एम.ए.ला शिकवताना मी इंडोनेशियाचं उदाहरण देतो. १९८९ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अमेरिकन संशोधन संस्थेने तेल, जंगल आणि माती धरून त्यांचा हिशोब असा केला तर १९७१ ते ८४ ची वर्षाला ७.१ टक्के दिसणारी वाढ ४ टक्क्यांवर आली!

पण सगळा रेंट तोटाच धरायचा का यावर वाद आहे. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ सलाह एल सेराफी म्हणायचे की रेंटचा काही भाग खरी कमाईच असते, बाकीचा बाजूला गुंतवायला हवा म्हणजे खाण संपल्यावरही तेवढंच उत्पन्न चालू राहील. त्यांच्या फॉर्म्युल्याने ५ टक्के व्याज धरलं तर २० वर्षं पुरणाऱ्या साठ्यात तोटा रेंटच्या साधारण ३६ टक्के येतो, ५० वर्षं पुरणाऱ्यात जेमतेम ८ टक्के.

म्हणून आकडा बघताना व्याजदर किती धरलाय ते आधी बघा, आणि एकाच वर्षावरून काही ठरवू नका कारण भाव पडला की कागदावर तोटाही कमी दिसतो, खड्डा मात्र तेवढाच असतो. २०२५ च्या नव्या एसएनए नियमांत (देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब कसा मांडायचा याचे आंतरराष्ट्रीय नियम) हा तोटा घसाऱ्यासारखा एनडीपीतून (जीडीपीतून घसारा काढल्यावर उरतं ते निव्वळ उत्पादन) वजा करायचं ठरलंय, जीडीपी तसाच राहणार.