ब्लॅक होल एकमेकांत मिसळतानाचे व्हिडिओ खरे असतात की नुसतं ॲनिमेशन?

तुम्ही विचारलंय की हे व्हिडिओ कोणी कल्पनेने काढलेत का. तर गणित खरं असतं, रंग मात्र कोणीतरी निवडलेले असतात. कॉलेजच्या प्रोजेक्टला आइन्स्टाइन टूलकिट या फुकट सॉफ्टवेअरच्या डेटावरून मी असली चित्रं काढलीयेत, म्हणून जरा आतलं सांगतो.

आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची दहा समीकरणं, सगळी एकमेकांत गुंतलेली, ती कॉम्प्युटरवर थोडा थोडा वेळ पुढे सरकवत सोडवायची. १९६४ पासून लोक हे करून बघत होते पण ब्लॅक होलच्या मध्यात आकडे अनंताकडे पळायचे, चुका वाढत जायच्या आणि प्रोग्राम कोसळायचा. शेवटी २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस या शास्त्रज्ञाने दोन ब्लॅक होल फिरून मिसळून शांत होईपर्यंत अख्खं चालवून दाखवलं. त्याने ब्लॅक होलच्या आतला भाग ग्रिडमधून (ज्या बिंदूंवर कॉम्प्युटर हिशोब करतो त्या जाळीतून) सरळ कापूनच टाकला, कारण आतून बाहेर काही येतच नाही, मग बाहेरच्या उत्तराला काय फरक पडणार! मला ही आयडिया अजूनही भारी वाटते.

आता रंगांचं. ब्लॅक होल फिरताना गुरुत्वीय लाटा, म्हणजे अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या लाटा, बाहेर पडतात. त्या मी पहिल्यांदा प्लॉट केल्या तेव्हा स्क्रीनवर मधोमध एक लाल ठिपका आणि बाकी सगळं सपाट निळं. दोन दिवस डोकं धरून बसलो, वाटलं रन फसला. झालं असं होतं की ब्लॅक होलजवळचे आकडे इतके मोठे की त्यांच्यापुढे लाटा दिसेचनात, शिवाय लांब जाल तशी लाट विरत जाते. मग सर म्हणाले, मधला भाग लपव आणि प्रत्येक आकड्याला केंद्रापासूनच्या अंतराने गुण. केलं, आणि एकदम दोन हातांची भोवऱ्यासारखी नक्षी उमटली. दोन हात कारण ब्लॅक होलच्या एका फेरीत लाटेची दोन आवर्तनं होतात. निळा-लाल माझी निवड, पण त्या हातांमधलं अंतर माझ्या हातात नव्हतं, ब्लॅक होल जवळ येतील तसे ते आपोआप दाट होत जातात.

ती रबरी चादरीसारखी जाळी असते ना, ती मला पटत नाही, तो अवकाशाचा फक्त एक काप असतो आणि खड्डा म्हणजे खाली जाणं नव्हे. मागचे तारे वाकलेले दिसतात ते व्हिडिओ जास्त प्रामाणिक, त्यात प्रकाशकिरणांचे मार्ग खरंच मोजलेले असतात.

वेगाचं पण लक्षात ठेवा. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने (अमेरिकेतल्या या लाटा पकडणाऱ्या यंत्रणेने) पहिल्यांदा पकडलेली लाट जेमतेम ०.२ सेकंदाची होती, व्हिडिओत तेच ताणून दाखवतात. सूर्याच्या साधारण ३६ आणि २९ पट वस्तुमानाचे दोन ब्लॅक होल मिसळून ६२ पटीचा एक झाला, उरलेलं तीन सूर्यांइतकं वस्तुमान ऊर्जा बनून लाटांमधून गेलं, तरी इथे पोचेपर्यंत लायगोच्या ४ किमी लांब भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनपेक्षा शेकडो पटीने लहान. लायगोचा डेटा सगळ्यांना खुला आहे, त्याचा आवाज करून ऐका. फक्त हेडफोन लावा, सुरुवात ३५ हर्ट्झच्या आसपास आहे, मोबाइलच्या स्पीकरवर ती येतच नाही.