समाधान मानायला मन राजी नसेल तेव्हा

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. सात महिन्यांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत शिफ्टला जातो, मुलगा दहावीला आहे, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. त्या लिहितात, "जो तो म्हणतो, देवानं एवढं तरी ठेवलंय, समाधान मान. मोबाईलवर बघून मी रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी वहीत लिहायला लागले. दहा दिवसांत तेच तेच यायला लागलं, खोटं वाटायला लागलं. अंग इथं असतं आणि डोकं पुढच्या हप्त्यात. कधी वाटतं, सासूबाई सुटल्या तर बरं. मग स्वतःचीच लाज वाटते. मी कृतघ्न आहे का?"

ताई, नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं महिनोन्‌महिने करणाऱ्या फार जणांच्या मनात "सुटल्या तर बरं" हा विचार येऊन जातो. त्यात सासूबाईंवरचा राग कमी आणि तुमचं सात महिन्यांचं जागरण जास्त आहे. विचार आला म्हणून तुम्ही त्यांना जेवण घालायचं थांबवलं नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. आणि ज्यांचं एवढं करता त्यांना बोलताच येत नाही, म्हणजे "दमलीस गं" म्हणणारंही घरात कुणी उरलेलं नाही. हे साधं दुःख नाही.

आता ती वही. तुमचं मन कोतं नाही, रोज लिहिण्याची पद्धत चुकली. रोज पाच गोष्टी शोधायच्या म्हटलं की मन पाढे म्हणायला लागतं: घर आहे, मुलगा आहे, दोन वेळचं जेवण आहे. २००३ साली एमन्स आणि मॅक्कलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात एका गटाला आठवड्यातून एकदाच, दहा आठवडे लिहायला सांगितलं होतं, आणि त्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं. तुम्हीही आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी रात्री एकच गोष्ट लिहा, पण तीन ओळींत: कुणी केलं, नेमकं काय केलं, आणि ते झालं नसतं तर त्या दिवशी काय झालं असतं. "शेजारी चांगले आहेत" असं नको. "पाऊस थांबत नव्हता तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यांच्या चुलीवरच्या दोरीवर आमच्या दोन चादरी वाळवून दिल्या, नाहीतर सासूबाई रात्रभर ओलीवर झोपल्या असत्या," असं हवं. एखाद्या आठवड्यात काही सुचलं नाही तर पान कोरं सोडा. बळेच लिहिलेली ओळ पुढच्या खऱ्या ओळीलाही खोटं पाडते.

"आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतल्यांकडे बघ" हा सल्ला मात्र मनावर घेऊ नका. दुसऱ्याच्या दुःखावर टेकवलेलं समाधान टिकत नाही, आणि आपलं दुःख बोलायची चोरी होते ती वेगळीच.

डोकं हप्त्यात जातं, त्यासाठी ध्यानाला आसन घालून बसायला तुम्हाला वेळ कुठला? तुमच्या हातात एक काम आधीच आहे, तेच धरा: सासूबाईंना कुशीवर वळवणं. दिवसा साधारण दर दोन तासांनी हे करावं लागतं. प्रत्येक वेळी तुम्ही पूर्ण लक्ष देऊ शकणार नाही, म्हणून सकाळची आणि संध्याकाळची अशा दोनच वेळा ठरवा. त्या वेळी फोन बाजूला. लुळा हात ओढायचा नाही, खांद्याखाली आणि कमरेखाली हात घालून वळवायचं. पाठीला उशी लावून कूस थोडी कललेली ठेवायची. मग माकडहाड, टाचा, घोटे, खांदे नीट बघायचे. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. तिथं चोळायचं नाही, त्या भागावरचा भार काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. जुन्या सुती लुगड्याची घडी अंथरली असेल तर सुरकुती हातानं सपाट करा. आपल्याकडच्या पावसात कापड वरून कोरडं लागतं आणि घडीत ओल राहते, ती तळहाताला कळते.

असं बघताना हप्ता आठवेलच. आठवला की "हप्ता आला" एवढं मनात म्हणा आणि परत टाचेकडे या. दहा वेळा मन गेलं तर दहा वेळा परत या. मन गेलं म्हणजे तुमचं चुकलं असं नाही, परत येणं हाच सराव.

छाती धडधडायला लागली तर चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, तीन-चार मिनिटं. श्वास साधाच घ्या. मोठमोठे श्वास ओढले की चक्कर येते आणि घाबरं जास्त होतं. डोळे मिटल्यावर विचारांची गर्दी होत असेल तर उघडेच ठेवा, अंगणातल्या पागोळ्यांकडे बघा.

हप्त्याच्या काळजीला संध्याकाळी पाच ते सव्वापाच अशी वेळ द्या. झोपायच्या आधी नको. कागदावर दोन रकाने करा: उद्या करता येईल ते, आणि हातात नाही ते. पहिल्या रकान्यात एक ओळ मीच सांगते: हप्ता चुकायच्या आधी नवऱ्यानं सोसायटीत जाऊन मुदत वाढवून मिळते का विचारायचं. हप्ता थकल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं केव्हाही बरं.

आणि झोप. ती नसेल तर वरचं काहीच लागू पडणार नाही. हवेची गादी मिळाली तर रात्री किती वेळानं वळवलं तर चालेल, हे डॉक्टरांना विचारा. शिफ्ट नसेल त्या रात्री वळवणं नवऱ्याकडे द्या. पत्रात कोल्हापूरच्या नणंदेचा उल्लेख आहे. तिला "कधीतरी ये" म्हणू नका, "दर पंधरवड्याला शनिवारी दुपारी ये, रविवारी संध्याकाळी जा," असं सांगा. आई तिचीही आहे.

दोन आठवडे रोज मन खचलेलं असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. "सुटल्या तर बरं" हा विचार स्वतःकडे वळला, म्हणजे आपणच नकोसं वाटायला लागलं, तर वाट बघू नका, त्याच घटकेला घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र. भाषा निवडता येते. बाजारात, दवाखान्यात तुमचं कन्नडवर भागत असेल, पण हे मराठीतच सांगावंसं वाटेल.

वही बाजाराच्या दिवसापर्यंत मिटून ठेवा. नणंदेला फोन मात्र आजच करा.