इंग्लंडच्या खेड्यात घडणारी, हलकीफुलकी ऐतिहासिक प्रेमकथा वाचायची आहे. कुठून सुरुवात करू?

जॉर्जेट हेयरपासून. तिची पुस्तकं ढीगभर आहेत, पण तुम्हाला खेडंच हवंय तर थेट 'व्हेनेशिया' (१९५८) उचला.

रीजन्सी काळ (१८११ ते १८२०, राजाऐवजी युवराज कारभार पाहायचा तो काळ) म्हटलं की लंडनचे नाचाचे बॉल आणि झुंबरं डोळ्यासमोर येतात. इथे मात्र बराचसा मुक्काम उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये. नायिका पंचविशीची, म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने लग्नाचं वय उलटलेली. वडील गेलेत, एक भाऊ सैन्यात, पुस्तकात बुडालेला धाकटा भाऊ आणि घरचा सगळा कारभार हिच्या गळ्यात. शेजारच्या इस्टेटीत ब्लॅकबेरी तोडायला जाते आणि तिथला बदनाम मालक समोर उभा! पुढे धाकटा भाऊ घोड्यावरून पडतो, त्याच मालकाच्या घरी त्याची शुश्रूषा होते, आणि आपसूक जाणं-येणं सुरू होतं. खरी मजा त्या दोघांच्या बोलण्यात आहे. एकाने कवितेची ओळ म्हणायची, दुसऱ्याने पुरी करायची. आपल्या भेंड्यांचीच जातकुळी म्हणा ना.

पहिली काही पानं जड जातील. बग्ग्यांचे प्रकार, गळ्यातल्या क्रॅव्हॅटच्या (पुरुषांच्या गळपट्ट्याच्या) गाठी, त्या काळची बोली. कळलं नाही तरी पुढे सरका, काही अडत नाही. चावटपणा म्हणाल तर चुंबनापुढे गाडी जात नाही.

आवडलं तर 'द नॉनसच' (१९६२) घ्या. तेही यॉर्कशायरचंच, आणि त्यातली नायिका गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी बाई आहे. तिच्या हाताखालची लाडावलेली सुंदर पोरगी मात्र अशी नग आहे की अर्धं पुस्तक तीच खाऊन टाकते.