सातवं पुस्तक घ्या, पण आधी मधलं पान वाचून

हडपसरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभरात त्यानं प्रोग्रॅमिंगची सहा पुस्तकं ऑनलाइन मागवली, पण एकही चाळीस पानांच्या पुढे गेलं नाही. आता सातवं हवंय. दुकानात जाऊन बघ म्हटलं, तर 'दिवस जातो आणि डिस्काउंटही नसतो' म्हणतो. घेऊन द्यावं का, असं त्या विचारतात.

ताई, जरूर घेऊन द्या. पण त्याआधी त्याला एक दुपार पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानांत घालवू दे. मंडई स्टेशनपर्यंत मेट्रो आहे, तिथून चालत जाता येतं.

सहा पुस्तकं अर्धवट राहिली म्हणून तो आळशी आहे, असं मला मुळीच वाटत नाही. पहिली चाळीस पानं सगळ्याच पुस्तकांत सोपी असतात. खरी परीक्षा मधे असते. म्हणून दुकानात त्यानं त्याला अडलेला विषय काढावा, समजा पॉइंटर्स किंवा रिकर्शन, आणि तीन पुस्तकांतलं तेच प्रकरण उभ्या उभ्या वाचावं. ज्यात दुसऱ्या पानावर 'अच्छा, असं आहे होय' वाटेल, ते त्याचं पुस्तक. तीन पुस्तकं अशी शेजारी उघडी ठेवून बघणं मोबाइलवर जमत नाही. तिथे दिसतात ती बहुतेक सुरुवातीचीच पानं.

दुसरं, पुस्तकाचं वय. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या पुस्तकात पहिल्याच प्रोग्रॅममध्ये 'कॉनिओ डॉट एच' आणि 'व्हॉइड मेन' दिसलं, तर ते डॉस या जुन्या सिस्टिमवरच्या टर्बो सीच्या काळातलं समजावं. आजच्या जीसीसी या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅम कॉम्प्युटरला कळेल अशा रूपात बदलणाऱ्या साधनावर, तो प्रोग्रॅम तसाच्या तसा चालत नाही आणि पोराला वाटतं, आपलंच चुकतंय. पायथन या दुसऱ्या भाषेच्या पुस्तकात 'प्रिंट'पुढे कंस नसेल तर ते पायथन २ चं. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. मात्र जुनं ते टाकाऊ, असंही समजू नका. कर्निगहॅन आणि रिची यांच्या सीवरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ ची आहे, आणि नेमकेपणासाठी मी आजही तेच सुचवते. शीर्षकामागच्या पानावर आवृत्तीचं वर्ष बघायची सवय मात्र लागायला हवी. पुनर्मुद्रणाचं वर्ष नवं असलं तरी आतला मजकूर जुनाच असतो.

आता दुकानांची मर्यादाही सांगते. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, 'कुठलं वर्ष, कुठला पॅटर्न?', म्हणजे कुठला अभ्यासक्रम. माल बराचसा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा असतो. परीक्षेसाठी ती पुस्तकं ठीक आहेत. पण कंपायलर किंवा रस्ट या भाषेसारख्या विषयावर काही सखोल हवं असेल, तर ते बहुधा ऑनलाइनच मागवावं लागेल. तेव्हा मधल्या प्रकरणाचा नमुना लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या साइटवर मिळतो का, ते आधी बघावं. फारच स्वस्त प्रत मिळत असेल तर सावध राहा. झेरॉक्सवर छापलेल्या नकली प्रतीत आकृत्या काळवंडलेल्या असतात आणि डेटा स्ट्रक्चर्समध्ये, म्हणजे माहिती साठवायच्या रचनांच्या विषयात, आकृतीच कळली नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

दुकानात जाण्याआधी घरातली सहाही पुस्तकं त्याला याच पद्धतीनं तपासू दे. एखादं कामाचं निघेल. बाकीची धड असतील तर जाताना सोबत न्यावीत, चौकात जुनी पुस्तकं घेणारे आहेत. तुम्हीही बरोबर जा, पण निवड त्याची त्यालाच करू द्या.